घरामागच्या उताराला भेग पडली असेल तर: दरडी का, कशा आणि कुठे कोसळतात

तुम्ही बडोद्यात, रावपुऱ्यात राहता आणि काका-काकू महाड तालुक्यातल्या मूळ घरी. गेल्या पावसाळ्यात घरामागच्या उतारावर चाळीसेक पावलं लांब भेग दिसली आणि उन्हाळ्यातही ती बुजली नाही, असं तुम्ही कळवलंय. ती किती धोक्याची, आणि मागे भिंत बांधली तर पुरेल का, हा तुमचा प्रश्न. दुसरा प्रश्न मुलीचा. अकरावीच्या भूगोलात भूस्खलनाची कारणं, प्रकार आणि परिणाम आहेत, पण पुस्तकातल्या आकृत्यांचा आणि बातम्यांमधल्या दरडींचा मेळ तिला लागत नाही. दोन्ही प्रश्नांची मुळं एकच आहेत, म्हणून एकत्रच लिहिते. घाई असेल तर आधी एवढं वाचा: हालचाल कोणत्या प्रकारची आहे हे कळेपर्यंत भिंतीचा पाया खणू नका, आणि पाऊस लागण्याआधी काका-काकूंची रात्रीची झोपायची सोय उतारापासून दूर लावून ठेवा.

उतार जागेवर राहतो तो कणाकणांमधल्या घर्षणामुळे आणि मातीच्या चिकटपणामुळे. त्याचं स्वतःचं वजन त्याला सतत खाली ओढत असतं. धरून ठेवणारा जोर ओढणाऱ्या जोरापेक्षा थोडा जरी जास्त असला, तरी डोंगर शेकडो वर्षं उभा राहतो. हा फरक काही ठिकाणी मुळातच फार थोडा असतो, आणि तो संपवायचं काम बहुतेक वेळा पाणी करतं.

पाणी मातीला वंगण लावतं आणि म्हणून ती घसरते, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात घडतं ते वेगळं. ओल्या ओट्यावर गरम वाटी पालथी घातली की ती कुणी ढकलल्याशिवाय सरकते. आत कोंडलेल्या हवेचा दाब वाटीचं वजन उचलून धरतो, त्यामुळे कडेचं घर्षण उरत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तसंच होतं. पाण्याचा दाब वरचं वजन स्वतःवर घेतो, कण एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि घर्षण घटतं. मातीच्या यांत्रिकीचा पाया घालणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गणितात बसवलं, आणि आमचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. आकड्यात सांगायचं तर ३४ अंशांच्या उतारावर जेमतेम टिकणारी कोरडी वाळू, पृष्ठभागापर्यंत पाणी भरून उताराच्या दिशेने झिरपू लागलं, की १८-१९ अंशांवरही टिकत नाही. जवळजवळ निम्मा उतार. उन्हाळ्यात ठणठणीत दिसणारी टेकडी श्रावणात का जाते, याचं उत्तर या एका हिशेबात आहे.

दमट मातीची गोष्ट उलटी. कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांकडे खेचून धरतं, म्हणून दमट माती जवळजवळ उभी कापली तरी राहते. कोकणात घरामागे डोंगर उभा तासून अंगण काढलेलं असतं आणि ते पाच-दहा वर्षं टिकतं. लोकांना वाटतं जमीन घट्ट आहे. ती टिकलेली असते त्या दमटपणाच्या जोरावर, आणि एका मोठ्या पावसात माती पूर्ण भिजली की तो जोर शून्यावर येतो. काकांच्या घरामागे न्हाणीघर, गोठा किंवा पडवी वाढवायला गेल्या काही वर्षांत खोदकाम झालं आहे का, हे मला पहिल्यांदा कळायला हवं. उताराचा पायथा कापणं हे माणसाने ओढवून घेतलेल्या दरडींचं, माझ्या पाहण्यात, सगळ्यात मोठं कारण आहे. वरच्या अंगाला भराव टाकणं, पाण्याची टाकी बांधणं, गळकी पाइपलाइन, उतारात सोडलेला शोषखड्डा ही त्याच घरातली भावंडं.

आता सह्याद्री. तिथला खडक म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. प्रत्येक थराचा काही भाग अखंड, टणक आणि काही भाग सच्छिद्र, लवकर कुजणारा. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा. या खडकावर काही मीटर जाडीचं माती, मुरूम आणि धोंड्यांचं आवरण असतं. पाऊस आवरणात सहज मुरतो, पण खालच्या टणक खडकात तितक्या वेगाने जाऊ शकत नाही. मग तो दोहोंच्या सांध्यावर साचतो, तिथून उताराने वाहतो आणि जिथे वाट मिळेल तिथे झरा म्हणून बाहेर येतो. डोंगराच्या कुशीतल्या वाड्या बऱ्याचदा अशाच ठिकाणी वसलेल्या असतात: थोडी सपाटी, बरी माती, बारमाही झरा. राहायला उत्तम जागा, आणि काही ठिकाणी ती सपाटी म्हणजे जुन्या दरडीचाच ढीग असतो.

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, १५१ माणसं दगावली. एसटीचा चालक गाडी घेऊन आला तेव्हा त्याला गावच दिसेना. बाहेरच्या जगाला खबर लागली ती त्याच्यामुळे. २२ जुलै २०२१ ला तुमच्याच महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. तिथे गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं अंधारात आणि पावसात डोंगर चढून गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता म्हणूनच नोंदली गेली. तिन्ही ठिकाणी गोष्ट आवरणाच्या थराचीच: आधी काही दिवस मुरत राहिलेला पाऊस, त्यावर एक जबर सर, आणि थर खडकावरून सुटतो. हवामान खाते एका दिवसात २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाला सर्वांत वरच्या वर्गात टाकते. कोकणात असा दिवस नवलाचा नाही. म्हणून मी एका दिवसाचा आकडा कधी एकटा बघत नाही. मागचे चार-पाच दिवस किती पडला, तो आधी विचारते.

भूकंपानेही उतार सुटतात. हिमालयात तर भूकंप आणि पाऊस दोघंही लागोपाठ काम करतात: एक खडक खिळखिळा करून ठेवतो, दुसरा पुढच्या पावसाळ्यात तो खाली आणतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबाने बर्फाच्छादित भाग सोडून देशाची सुमारे १२.६ टक्के जमीन, म्हणजे ४.२ लाख चौरस किलोमीटर, दरडप्रवण आहे. त्यातली साधारण ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांतली.

मुलीसाठी आता प्रकार. अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड व्हार्न्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली विभागणी आजही जगभर वापरतात. तिच्यात दोन प्रश्न विचारायचे असतात: काय हललं (खडक, धोंडे-मुरूम की बारीक माती) आणि कसं हललं. पडलं, उलटलं, घसरलं, पसरलं की वाहिलं? दोन उत्तरं जोडली की नाव तयार होतं. पाठांतराची गरज नाही.

पडणं म्हणजे कड्यावरून धोंडा सुटून हवेतून खाली येणं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर कोकण रेल्वेची सुट्टीची गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पावसाळ्यात बडोद्याहून कोकणात जाताना गाडी मध्येच संथ चालते म्हणून कुरकुर होते. तो वेग विचारपूर्वक कमी केलेला असतो. चालकाला रुळावरचा दगड दिसून गाडी थांबवता यावी म्हणून. उलटणं याचं सख्खं भावंड: उभ्या सांध्यांनी कापलेला खडकाचा खांब पुढे कलत जातो आणि एक दिवस तोंडावर पडतो. हे पाहायला सह्याद्रीत जायला नको. पावागडाच्या माथ्याकडे रायोलाइटचे, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या टणक खडकाचे, कडे आहेत, त्यांतले उभे सांधे माचीवरून वर बघितलं तरी दिसतात. कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या धोंड्यांची रास बघायला मुलीला एकदा घेऊन जा, पावसाळा सोडून. कोणत्या धोंड्याच्या कडा अजून धारदार आहेत आणि कोणता झिजून गोलसर, काळवंडलेला झालाय, एवढं बघितलं तरी कोण अलीकडे पडलं ते कळतं.

घसरणं दोन तऱ्हांचं. खडकातला एखादा सपाट कमकुवत थर उताराकडेच कललेला असेल तर वरचा भाग त्याच्यावरून सरळ सरकतो. जाड, एकजीव मातीत मात्र घसरण वाटीच्या आकाराची होते. माथा खाली बसतो, मधला भाग मागे कलतो आणि पायथा फुगून पुढे येतो. माथ्यावर कमानीसारखी भेग आणि पायथ्याशी फुगवटा अशी जोडी दिसली तर हा प्रकार. तुमच्या भेगेबद्दल मला हाच संशय आहे, पुढे त्यावर लिहिते.

वाहणं सगळ्यात घातक. सुटलेली माती-धोंडे पाण्यात मिसळून ओढ्याच्या वाटेने लोंढ्यासारखी धावतात. अशा लोंढ्याचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या वर जातो, तो पळून चुकवता येत नाही. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये पुंचिरीमट्टमच्या वर सुटलेला लोंढा मुंडक्कै आणि चूरलमला गिळत सात-आठ किलोमीटर गेला. म्हणून ‘डोंगर आमच्यापासून लांब आहे’ हे वाक्य मला धास्तावतं. डोंगर लांब असेल, त्याचा ओढा घराला लागून असतो.

पसरणं गुजराती माणसाने तरी विसरू नये. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जवळजवळ सपाट जमीन भेगाळून बाजूला सरकली, कारण खालची पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने क्षणभर द्रव झाली. चांग धरणाचा बांध त्याच कारणाने बसला. उतार नसतानाही जमीन सरकते, हे इथे शिकायला मिळतं.

आणि रांगणं. वर्षाला काही मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारं. खांब कलतात, कुंपणं वाकतात, झाडांची खोडं बुंध्याशी वळतात. थंड प्रदेशात बर्फ वितळून भिजलेली माती अशी सरकते. आपल्याकडे काळ्या मातीचे उतार पावसात फुगून आणि उन्हात आकसून हळूहळू उतरतात. संथ म्हणजे निरुपद्रवी असं मात्र नाही. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, हे १९७६ मध्ये मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं आणि जड बांधकाम टाळायला सांगितलं होतं. २०२३ च्या जानेवारीत घरं तडकू लागली. इस्रोने उपग्रहाच्या मोजणीतून सांगितलं: १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली.

बडोद्यासारख्या सपाट शहरात याचा संबंध काय, असं वाटेल. बराच आहे, आणि तो रोजचा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा चढत्या पाण्यावर होत्या. काठ ढासळायचा काळ मात्र पूर ओसरतानाचा. पाणी वर असतं तेव्हा ते काठाला बाहेरून आधार देतं आणि त्याच वेळी मातीत मुरत राहतं. नदी झपाट्याने उतरली की बाहेरचा आधार गेला, पण चिकण गाळात मुरलेलं पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. काठ आतून दाबलेला, बाहेरून उघडा. मग वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठाचा लांबलचक तुकडा खाली बसतो. पूर उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस काठावर गर्दी करून पाणी बघत उभं राहू नये, हे मी प्रत्येक पुरानंतर सांगते. मगरी हे त्याचं दुसरं कारण आहे, पहिलं नाही.

याच कारणाने काठाला सरळसोट काँक्रीटची भिंत हा उपाय ऐकला की मी आधी विचारते, मागचं पाणी कुठून बाहेर येणार? भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, नसतील, त्यांच्यामागे खडी-वाळूची गाळणी नसेल, तर ती भिंत पाणी अडवून स्वतःवरचाच भार वाढवते.

महीकडे गेलात तर आणखी एक प्रकार अगदी हाताशी दिसतो. फाजलपूर, रायकाच्या बाजूला नदीने गाळाचे उंच उभे कडे कोरलेत आणि त्यांच्या मागे कोतरांचं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळींचं, जाळं आहे. या गाळात वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचा थर आहे. कोरडी असताना ती भिंतीसारखी उभी राहते, भिजली की विरघळल्यागत ढासळते. कड्याच्या धारेपासून दोन-तीन पावलं आत, धारेला समांतर, बोटभर रुंदीची भेग बघायला मिळते. गवताने झाकलेली असते, काठी फिरवल्याशिवाय कळत नाही. त्या भेगेत पावसाचं पाणी उभं राहिलं की ते बाजूने ढकलतं, खालून नदी पायथा पोखरतेच आहे, आणि तेवढी फळी नदीत जाते. पुढच्या वर्षी नवी भेग, पुन्हा दोन-तीन पावलं आत. काठावर शेत असलेल्यांना हा हिशेब पाठ असतो. भेगेच्या नदीकडच्या बाजूला उभं राहून फोटो काढणाऱ्यांना तो माहीत नसतो, आणि मला त्यांचीच काळजी वाटते.

शहराच्या आतली दरड म्हणजे गटाराच्या लाइनीसाठी खणलेला चर. ‘भेखड धसली, मजूर दबले’ (मातीचा कडा ढासळला, मजूर गाडले गेले) अशा बातम्या आपण गुजराती पेपरात दर वर्षी वाचतो. चर खणल्यावर भिंती तासभर, दिवसभर उभ्या राहतात त्या दमट मातीच्या उधार जोरावर, वर सांगितलं तसं. एक घनमीटर मातीचं वजन पावणेदोन ते दोन टन. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास बाहेर सोडू शकतो, आत घेऊ शकत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराला दोन्ही बाजूंनी फळ्या आणि आडवे टेकू द्यायचेच, खणलेली माती कडेला न टाकता लांब टाकायची, उतरायला शिडी जवळ ठेवायची. हे नियम आहेत, खर्च फार नाही, तरी ते पाळले जात नाहीत. तुमच्या सोसायटीत काम निघालं आणि चर बिनफळ्यांचा दिसला, तर कंत्राटदाराला तिथेच थांबवा. त्या खड्ड्यातला माणूस दाहोद-पंचमहालाकडून पोटासाठी आलेला असतो. त्याला नाही म्हणायची सोय नसते, तुम्हाला असते.

परिणामांबद्दल पुस्तकं जीवितहानी, वित्तहानी, रस्ते बंद एवढं लिहून थांबतात. दरडीचा परिणाम ती थांबते तिथे संपत नाही, हे मुलीने एका जुन्या घटनेवरून समजून घ्यावं. सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालात गोहना इथे अख्खा डोंगर उतरून बिरही गंगेत पडला आणि नदी अडली. मागे मोठं तळं साचत गेलं. इंजिनिअरांनी पाणी केव्हा काठोकाठ येईल याचा हिशेब मांडला, खालच्या खोऱ्यात तारेची (टेलिग्राफची) लाइन टाकली, पूर कुठवर चढेल त्याच्या खुणा रोवल्या, पूल काढून घेतले. २५-२६ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. गढवालातलंच श्रीनगर गाव वाहून गेलं. माणसं गेली ती पाचच, मनाई असूनही परत गेलेल्या एका कुटुंबातली. तंत्रज्ञान तारेपुरतंच होतं, पण इशारा शेवटच्या घरापर्यंत पोचला होता. उलट टोकाला इटलीतलं वायोंत. धरणाच्या जलाशयात बाजूचा डोंगर हळूहळू सरकतोय हे मोजमापात दिसत होतं. ९ ऑक्टोबर १९६३ ला सुमारे २६ कोटी घनमीटर खडक एकदम पाण्यात उतरला, लाट धरणावरून उडी मारून खालच्या गावांवर गेली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. धरणाची भिंत आजही उभी आहे.

गावपातळीवरचे परिणाम याहून लांबतात. पिकाऊ मातीचा थर जातो तो पिढ्यान्‌पिढ्या परत येत नाही. झरे वाट बदलतात, विहिरी आटतात. पुनर्वसनात घर मिळतं, पण शेत जुन्या जागी आणि राहणं नव्या जागी अशी ओढाताण सुरू होते. माळीणचं नवं गाव आमडे इथे वसायला २०१७ उजाडलं.

आता तुमची भेग. आधी ती सरकण्याची आहे की सुकण्याची, हे ठरवू. कर्जण-डभोईकडच्या काळ्या शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तुम्ही बघितल्या असतील: चहूबाजूंनी, जाळीसारख्या, पहिल्या पावसात मिटणाऱ्या. त्या निरुपद्रवी. सरकण्याची भेग एकेरी, लांब, कमानीसारखी असते, उताराला आडवी जाते, तिची टोकं खाली वळलेली असतात, आणि पावसात ती मिटण्याऐवजी रुंदावते. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे तिचे दोन काठ एका पातळीत नसतात. खालचा काठ बोटभर, वीतभर बसलेला असतो. तुमची भेग ऐन पावसाळ्यात दिसली आणि लांबी चाळीस पावलं, हे दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतं. नक्की ठरवायला काकांना दोन्ही काठांवर एक सरळ फळी आडवी ठेवून फोटो काढायला सांगा. फळी तिरपी बसली तर उत्तर मिळालं.

मग मोजणी. भेगेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून हातभर लांब, लोखंडी गजाचे तुकडे घट्ट ठोका. दोन गजांच्या माथ्यांवर रंगाचा ठिपका करा आणि टेपने ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा. अशा तीन जोड्या: मध्यावर एक, टोकांकडे एकेक. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा, पाऊस लागला की रोज सकाळी, पण फक्त उघडीप असेल तेव्हाच. पावसाच्या झडीत आणि अंधारात तिकडे फिरकायचं नाही. अंतर वाढतंय यापेक्षा ते कसं वाढतंय हे महत्त्वाचं. महिन्याला दोन मिलिमीटर असं एकसारखं चाललं असेल तर विचार करायला वेळ आहे. आज दोन, उद्या चार, परवा नऊ असं झालं तर चौथ्या दिवसाची वाट बघू नका, घर सोडा. उतार मोडण्याआधी वेग घेतो, आणि आमचे महागडे सेन्सरसुद्धा हाच वेग पकडायला बसवतात.

मोजणीशिवायच्या खुणाही काकूंना सांगा. घरात जास्त वावर त्यांचा, त्यांना त्या आधी दिसतील. दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं. जमिनीला किंवा जोत्याला नवा तडा. झऱ्याचं पाणी गढूळ होणं, अचानक आटणं किंवा नव्या जागी फुटणं. मागचा गडगा फुगणं, त्यातले चिरे निसटणं. पाऊस कोसळतोय आणि ओढ्याचं पाणी मात्र उतरलं, तर वर कुठेतरी अडथळा झालाय. तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही. निघताना ओढ्याच्या कडेने खाली पळू नये, उताराला आडवं, बाजूच्या धारेकडे जावं.

भिंतीबद्दल थेट सांगते. घसरणीचा पृष्ठभाग भिंतीच्या पायाच्या खालून जात असेल तर भिंतही त्याच्याबरोबर पुढे जाते. वरून लोंढा आला तर घरमालकाच्या ऐपतीतली कुठलीही भिंत तो थोपवत नाही. आणि पाया खणणं म्हणजे पुन्हा उताराचा पायथाच कापणं. मे महिन्यात खणून जूनमध्ये अर्धवट ठेवलेलं काम ही मी बघितलेली सगळ्यात धोकादायक स्थिती आहे. आधी पाणी वळवा. १८ सप्टेंबर १८८० ला नैनितालला दरडीत १५१ माणसं गेली, त्यानंतर तिथे डोंगरभर बांधीव नाल्यांचं जाळं उभारलं गेलं, कारण मूळ दुखणं तेच होतं. तुमच्याकडे भेगेच्या वरच्या अंगाला, भेगेपासून चांगलं लांब, पाणी बाजूच्या ओढ्यात नेणारी अस्तर केलेली चारी हवी. अस्तर नसलेली चारी पाणी मुरवते, ती नसलेली बरी. भेग चिकणमातीने ठासून भरा, वर ताडपत्री अंथरून कडा दाबा. छपराचं पाणी, मोरीचं पाणी नळाने उताराबाहेर न्या. वर कुणी पाणी अडवायला समतल चर खणले असतील तर ते बुजवायला सांगा. कमी पावसाच्या भागात ते चर वरदान आहेत, पण कोकणात वस्तीच्या डोक्यावर, तीव्र उतारावर मी ते कधीही मान्य करणार नाही. वरची झाडं तोडू नका. मुळं वरचा मीटर-दीड मीटर थर विणून धरतात. मात्र घसरण त्याहून खोल असेल तर झाडं लावून ती थांबेल या भरवशावरही राहू नका.

तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या, सोबत फोटो आणि मोजणीची वही जोडा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक १०७७ काकांच्या फोनमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे लिहून ठेवा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूसंकेत संकेतस्थळावर दरडींविषयीची माहिती आणि दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत. पण नकाशात घर सुरक्षित रंगात आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. इर्शाळवाडीही धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती.

मला पाठवायला एवढं लागेल: फळी ठेवलेला भेगेचा फोटो, समोरच्या बाजूने घर आणि पूर्ण उतार एकत्र दिसेल असा एक फोटो, घरामागच्या कापलेल्या भागाची उंची, झरा आणि ओढा घरापासून किती पावलांवर, आणि पहिल्या चार आठवड्यांची मोजमापं. त्यावरून उतारात आडवे निचरा-पाइप घालून भागेल, की पायथ्याला गॅबियनचा (दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांचा) भार द्यावा लागेल, की घरच हलवावं लागेल, ते सांगता येईल. तिसरा पर्याय निघाला तर काकांशी मी स्वतः बोलेन.